तोंड नसलेला पाहुणा

९ सप्टेंबर, मंगळवार

खंडेराव मार्केटातून गवार, कारली, लाल भोपळा, अळूची पानं. अळूवाली म्हणाली, "पात्रा करशो, बेन?" म्हटलं, वड्या नाही, घरी श्राद्ध आहे, भाजी करणार. तिनं दोन पानं वर घातली. भाव मात्र कमी केला नाही. योग्यच.

परवा ह्यांचं भरणी श्राद्ध. पहिलंच. विजयभावजी उद्या रात्री नाशिकहून येतील, श्राद्धाला बसतील आणि लगेच परत. गुरुजी डभोईहून येणार. बडोद्यातले सगळे गुरुजी आधीच दुसरीकडे ठरलेले.

सासूबाईंनी सकाळपासून चारदा विचारलं, "अरूला आवडायची तशी खीर करशील ना, शैला?" करीन म्हटलं. ह्यांच्यामागे आम्ही दोघीच या घरात. त्यांनी विचारायचं, मी करीन म्हणायचं. चाललंय.

आईंच्या साखरेच्या गोळ्या संपत आल्यात. आणायच्या.

११ सप्टेंबर, गुरुवार

श्राद्ध झालं. वडे चांगले फुगले. कावळा आला नाही.

पान मागच्या चोकडीच्या भिंतीवर ठेवलं होतं, भांडी घासतो त्या जागेवर. निजामपुऱ्यातल्या आमच्या या ओळीत आज बहुतेक घरी श्राद्धच. प्रत्येक अगाशीवर, गच्चीच्या कठड्यावर, कावळ्यांसाठी दूधपाक-पुरी. त्यांची पोटं भरलेली. हे साधं कारण मी सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

भावजी भिंतीसमोर हात जोडून उभे. "दादा, आईची काळजी करू नकोस. मी आहे, वहिनी आहेत." कावळा नाही. "दादा, घराचे कागद वहिनींच्या नावावर करून टाकतो." नाही. मग गॅसची सबसिडी, स्कूटर, काय काय. रिफायनरीत पस्तीस वर्षं काढलेला माणूस, त्याचा जीव स्कूटरमध्ये कशाला अडकेल?

आई दारात खुर्चीवर. म्हणाल्या, "सगळे त्याला आपलंच सांगताहेत. त्याला काय हवं ते कुणी विचारत नाही."

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पानाला शिववला. तशी सोय शास्त्रात आहे. आम्ही जेवायला बसलो. आईंनी पानाला हात लावला नाही.

"गवताच्या कावळ्यानं माझ्या मुलाचं पोट भरत नाही."

भावजी म्हणाले, "आई, हट्ट करू नको." त्यांची गाडी होती. गेले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

स. चोकडीत गेले तर स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जाळीवर, काल पान ठेवलं होतं त्याच्या थोडं वर, मून मॉथ. मराठीत चंद्रपतंग म्हणतात म्हणे. वर्गात आम्ही कधी म्हटलं नाही. कॉलेजात पेटीत टाचणीनं टोचलेला पाहिला होता, जिवंत आजच. माझा तळहात झाकेल एवढा. पिस्त्यासारखा फिका हिरवा, अंग पांढरं, लोकरी. पुढच्या पंखांची वरची कड जांभळट. चार पंखांवर चार डोळे. मागच्या पंखांना लांब वळलेली शेपटं. पंख कोरे, नुकताच कोशातून निघालेला. मादी.

किती वेळ उभी होते कोण जाणे. दूध उतू गेलं.

आई वॉकर घेऊन आल्या. बघत राहिल्या. मग एकच शब्द. "आला."

म्हटलं, "आई, हा कीटक आहे. आणि मादी आहे. मिशा बघा, नराच्या पिसासारख्या रुंद असतात."

"आत्म्याला कसलं आलंय बाई-पुरुष?"

कालची खीर वाटीत घालून त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायला लावली. "तो खाईल. मग मी."

तीस वर्षं सातवी-आठवीच्या पोरांना सांगितलं ते सांगितलं. की याला तोंडच नसतं. म्हणजे खाता येईल असं तोंड नसतं. सगळं खाणं अळी असताना. पानंच्या पानं फस्त करते, कातडी फुटते, नवी येते, पुन्हा खाते. मग कोश. कोशातून निघाला की खाणं संपलं. साठवलेल्यावर आठवडाभर जगायचं, अंडी घालायची, मरायचं. खीर ठेवा नाहीतर अमृत ठेवा, त्याला ते घेता येणार नाही.

मला वाटलं, विषय मिटला.

आई नीट ऐकत होत्या. त्यांनी पुन्हा जाळीकडे पाहिलं. "तोंड नाही," म्हणाल्या. "मग दुसरा कोण असणार, शैला?"

मी आत आले.

ह्यांच्या अन्ननलिकेत गाठ होती. शेवटचे चार महिने तोंडातून थेंब गेला नाही. पोटात नळी घातलेली, सगळं त्यातून. ते रोज हातानं घालणारी मीच ना? आणि मीच तोंडाचं बोलत बसले.

१३ सप्टेंबर, शनिवार

आई: चहा दोनदा, बिनसाखरेचा. अर्धा कप दूध. गोळीपुरतं एक बिस्कीट, तेही मी समोर उभी राहिले म्हणून. जेवण नाही.

खीर आंबली, मुंग्या लागल्या. नवी करायला लावली. केली.

पतंग जागचा हललेला नाही. दिवसा हलत नाहीच.

शेजारच्या हंसाबेन भिंतीवरून डोकावल्या आणि किंचाळल्या. "शैलाबेन! आ तो माताजी पधार्यां!" पाच मिनिटांत कुंकू, नारळ, अगरबत्ती, आणि मागून त्यांच्या दोन सुना, मोबाइल वर धरून. म्हटलं, धुरानं मरेल तो.

"माताजीने धुमाडो नडे?" त्यांना खरंच प्रश्न पडला होता. माताजींना धुराचा त्रास होतो हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

आईंनी खुर्चीवरूनच सांगितलं, "माताजी नाहीत हो. आमचा अरू आहे."

हंसाबेननी पदर डोक्यावर घेतला. अगरबत्ती विझवली. सुनांना मोबाइल खाली करायला लावले. घरी जाऊन दूधपाकाची वाटी घेऊन आल्या आणि खिरीशेजारी ठेवली. "अरुणभाईने बहु भावतो."

आवडायचा खरा. दर वर्षी हंसाबेनकडे श्राद्ध असलं की हे अगाशीवर फेऱ्या मारायचे, वाटी येईपर्यंत. मी म्हणायची, लाज वाटू द्या.

आता दोन वाट्या.

१४ सप्टेंबर, रविवार

रात्रीत एक शेपूट तुटलंय. वटवाघळाचं काम. पतंग जाळीवर परत आहे, थोडा डावीकडे.

आईंनी विचारलं, कुणी तोडलं? सांगितलं. वटवाघूळ अंधारात आवाज सोडतं आणि परत आलेल्या आवाजावरून भक्ष्य ओळखतं. ही शेपटं उडताना गोल फिरतात, त्यामुळे वटवाघळाला वाटतं अंग तिथंच आहे. ते शेपूट चावतं, पतंग निसटतो. शेपूट नसलं तरी उडता येतं. शेपूट असतंच फसवायला.

"आठवडाभर जगायचंय, आणि तेवढ्यासाठी एवढी युक्ती?"

"हो."

"आमच्या अरूनंही सगळं करून घेतलं. किरणं घेतली, नळी घेतली."

दु. भावजींचा फोन. आईंनी जेवण सोडल्याचं त्यांना कळवलं होतं. म्हणाले, "वहिनी, सोपं आहे. त्या झोपल्या की ते फुलपाखरू डब्यात घालून लांब सोडून या. सांगायचं, उडून गेला, तृप्त होऊन गेला."

"खाल्लं का विचारतील."

"सांगा ना, खाल्लं म्हणून! वाटी रिकामी करून ठेवा. तुम्ही पण ना, वहिनी, शाळेत असल्यासारखं करता."

डबा शोधला. झाकणाला भोकंही पाडली. आई झोपल्या होत्या. जाळीपाशी गेले. पंख किंचित थरथरत होते. परत आले, डबा धुऊन जागेवर ठेवला.

पतंगाची दया आली म्हणून नाही. ह्यांच्या नावानं वाटी मी रिकामी करायची, हे मला जमणार नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज भांडण. लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

आईंचे हात सकाळपासून कापतात. साखर उतरलीय हे पाहायला यंत्र नको. गूळ पाण्यात कालवून दिला, घेतला. भाताला नाही.

मी म्हटलं, "हे बरोबर नाही. तुम्ही अशानं दवाखान्यात जाल. किड्यासाठी?"

"तो उपाशी गेला."

"उपाशी नाही गेले. दर दोन तासांनी मी नळीतून घालत होते. तांदळाची पेज, डाळीचं पाणी, अंडं, डॉक्टरांची पावडर. रात्रीसुद्धा गजर लावून. एकही वेळ चुकवली नाही. वजन टिकलं होतं, डॉक्टरांनी शाबासकी दिली होती."

"नळीला चव असते का ग?"

मी आवाज चढवला. म्हटलं, चव नसली तरी पोट भरतं, तेच महत्त्वाचं. म्हटलं, तुम्ही खोलीत सुद्धा येत नव्हता, बाहेर जप करत बसायचात, नळी बघवत नाही म्हणून. घातलं कुणी? मी.

आई म्हणाल्या, "तूच घातलंस. मी कुठं नाही म्हणते?"

त्यानंतर कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या.

हंसाबेन आल्या, दूधपाकाची वाटी बदलली, आमच्याकडे बघितलं आणि न बोलता गेल्या. ही बाई न बोलता गेलेली मी पहिल्यांदा पाहिली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

स. आई बाथरूमच्या दाराशी बसल्या. पडल्या नाहीत, बसल्या. उठवेना. डॉक्टरांना बोलावलं. आमचे नेहमीचे, ह्यांनाही तेच बघत. त्यांनी घरीच बाटली लावली. नर्स येऊन सुई लावून गेली. पडद्याच्या दांडीला बाटली टांगली.

डॉ. बाहेर येऊन म्हणाले, "शैलाबेन, किती दिवस असं? सोमवारपर्यंत जेवायला लागल्या नाहीत तर ॲडमिट. या वयात मग परत घरी येणं कठीण असतं, ते तुम्हाला सांगायला नको."

नको. माहीत आहे.

बेडवरून जाळी दिसत नाही, म्हणून आईंनी पलंग सरकवायला लावला. मी आणि हंसाबेननी सरकवला. आता दिसते. पतंग आहे. पंखांच्या कडा फाटायला लागल्यात.

आई हाताला लावलेल्या सुईकडे बघत होत्या. "मलाही नळी," म्हणाल्या. तक्रार नव्हती.

१७ सप्टेंबर, बुधवार

दुसरी बाटली. चेहरा जरा बरा.

जाळीवर अंडी, राईच्या मोठ्या दाण्याएवढी, करडी. ओळीनं चिकटवलेली. नर आला नव्हता, निदान मी पाहिला नाही. नर नसला तरी मादी शेवटी अंडी घालते. ती फुटत नाहीत. आईंना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

दु. मी बाटलीचा थेंब बघत होते, मोजायची सवय आहे. आई डोळे मिटून होत्या. एकदम म्हणाल्या, "शैला, भूक लागते ग."

मी उठलेच. म्हटलं, भात लावते.

"बस. जेवायचं नाही म्हणाले का मी? नळी असली तरी भूक लागते, हे सांगतेय."

बसले.

"पोटात जातंय, ते कळतं. तोंडाला कळत नाही. तोंड वाट बघतं."

मी थेंब बघत राहिले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पतंग मेला. स. कट्ट्यावर पडलेला, दोन वाट्यांच्या मध्ये. पंख पसरलेले. वजन नाहीच हाताला. आत काही उरत नाही, साठवलेलं सगळं वापरून झालेलं असतं.

आईंना दाखवला. लपवायचा प्रश्न नव्हता, त्यांची नजर तिथंच होती.

"काही खाल्लं नाही," म्हणाल्या.

"नाही."

"त्याला भूक लागते का, शैला? तोंड नाही, पण भूक?"

"ते कुणाला माहीत नाही, आई. मलाही नाही. लागत नसावी असं वाटतं. नसावी, एवढंच."

त्यांनी पतंग माझ्या हातातून घेतला, ओंजळीत ठेवला. मग ज्या प्रश्नासाठी हा आठवडा गेला तो प्रश्न आला.

"अरूला लागायची का? डॉक्टरांचं नको सांगूस. विजयचं नको. तुझं सांग. तू होतीस तिथं."

आजवर त्यांना आम्ही सगळ्यांनी एकच सांगितलं. डॉक्टरांनी, भावजींनी, मीही. त्याला काही कळत नव्हतं, त्याला त्रास नव्हता. सांगायला सोपं, ऐकायला सोपं. ओठांवर आलंही तेच.

म्हटलं, "लागायची."

त्यांनी मान हलवली. पुढे सांग, अशी.

"पहिले दोन महिने रोज लागायची. तुमच्या-माझ्यासाठी वरणाला फोडणी घातली की वास खोलीत जायचा. हे भिंतीकडे तोंड करायचे. बोलता येत नव्हतं, पण मला दिसायचं. मग मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायला लागले, पंखा लावून. तरी वास जायचाच. मग फोडणीच बंद केली. दिवाळीत तळण केलं नाही."

"म्हणून बिनफोडणीचं वरण."

"हो."

"मी विजयला सांगितलं होतं फोनवर. मुलगा अंथरुणात आहे, आणि सून मला आजाऱ्याचं जेवण घालते. दार लावून काय करते कोण जाणे."

"माहीत आहे. भावजींनी मला विचारलं होतं."

"तू काय सांगितलंस?"

"काही नाही. कामात होते."

आई ओंजळीत बघत होत्या.

"आणि शेवटी? शेवटचे दिवस?"

"शेवटचं मला माहीत नाही. डोळे उघडत नव्हते. लागत नसेल, किंवा लागत असेल. त्याचं मी काही सांगू शकत नाही, आई. सांगितलं तर खोटं होईल."

रडतील असं वाटलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मला माहीत होतं. आईला कळतं, भूक आहे का नाही. सगळे मला वेड्यात काढत होते." मग, "तू एकटीनं बघितलंस ते रोज."

मी त्यांची उशी सरळ केली.

पतंग अळूच्या पानात गुंडाळून चोकडीजवळच्या मातीत पुरला. त्यांनीच तसं करायला सांगितलं. वाट्या उचलू का विचारलं. "उचल."

उचलल्या. दूधपाकाची धुऊन हंसाबेनना परत केली.

जेवल्या नाहीत. दूध घेतलं, पूर्ण कप.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बाटली नाही, नर्सला नको म्हणाल्या. दूध. अर्धं केळं. भात नाही.

भावजींचा फोन. पतंग मेल्याचं सांगितलं. "सुटलो," म्हणाले. म्हटलं, अजून नाही. मग आईंना फोन दिला. आत काय बोलल्या ऐकलं नाही. एकच वाक्य कानावर आलं, "अरे, तू तुझ्या वहिनीला काय काय विचारलंस तेव्हा, आठव जरा." मी कपडे वाळत घालायला गेले.

जाळीवरची अंडी तशीच. चोकडी झाडायला मदतीला आलेल्या हंसाबेनच्या सुनेला सांगितलं, तिथं हात लावू नको. तिनं विचारलं, बच्चां निकळशे? म्हटलं, बहुतेक नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

आई दिवसभर झोपून. बोलणं कमी. राग नाही, मी ओळखते तो. हा वेगळा काहीतरी. मीही फार बोलले नाही. दूध, ताक. गोळी.

डॉ. संध्याकाळी डोकावून गेले. "सोमवारी बघू," म्हणाले. हॉस्पिटलची पिशवी भरली: टॉवेल, साडी, कवळीची डबी, रिपोर्ट. भरून पलंगाखाली सरकवली. आईंनी पाहिलं.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. गुरुजी नाहीत, पान नाही, भिंतीवर काही ठेवलं नाही. वर्ष झाल्याशिवाय ह्यांचं यात करत नाहीत, आणि बाकीच्यांचं आज माझ्यानं होणार नव्हतं.

आई वॉकर घेऊन स्वयंपाकघरात आल्या. स्वयंपाक होताना बसायला, किती महिन्यांनी. खुर्ची दारात ठेवायला लावली, आत नाही, बाहेर नाही, बरोबर उंबऱ्यावर. दार लागू नये म्हणून असेल.

"वरण लाव."

"लावते."

"फोडणी घाल. लसूण घाल चांगली, लाल होऊ दे."

"आज लसूण?"

"घाल म्हणते ना."

घातली. तेल तापलं, मोहरी, हिंग, लसूण, मिरची. लसणीच्या फोडणीचा तो आवाज कित्येक महिन्यांत या ओट्यावर झाला नव्हता. माझे डोळे चुरचुरले, मिरचीनं. वास घरभर. ह्यांच्या खोलीतही गेला असणार, तिचं दार उघडंच असतं.

आई म्हणाल्या, "जाऊ दे वास. आता जाऊ दे."

भात, वरण, वर तूप. ताट त्यांच्या मांडीवर पाटावर ठेवलं. मग भात कालवला. बोटं कापतात, पण कालवला.

हे ओट्याशी उभी राहून लिहितेय, त्यांच्याकडे पाठ करून. घास हातात घेतलाय, खिडकीच्या काचेत दिसतं. तोंडापर्यंत नेला नाही अजून.

वळून बघत नाही. बघितलं तर ठेवून देतील.